सातबारा माझा, सोयाबीन त्याचं

अमेरिकेहून परत आल्यापासून "तिकडच्या गमतीजमती लिहा की" असा तगादा चालू आहे. गमती पुढच्या वेळी. आज लिहितेय ते पैशांबद्दल आहे, आणि त्यात मी काही फार शोभून दिसते अशातला भाग नाही. नात्यातली मंडळीही हे वाचतील. वाचू देत.

२०२५ सालचे जून ते नोव्हेंबर असे सहा महिने मी लेकीकडे होते, आयोवा राज्यातल्या एम्स या गावी. गाव विद्यापीठाचं, पण वेस ओलांडली की पुढे फक्त मका आणि सोयाबीन. तिथल्या काउंटीचं नाव 'स्टोरी'. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. मला आधी वाटलं, काय गोड नाव आहे, गोष्टीचा तालुका! मग नातीने सांगितलं की जोसेफ स्टोरी नावाचे एक न्यायमूर्ती होते, त्यांच्यावरून ते पडलंय. असो.

लातूरकडची बाई मी. जुलैत गुडघाभर वाढलेलं सोयाबीन बघून डोळे भरून आले. पण त्याची मापं मात्र भलतीच. सगळी जमीन मैलभराच्या चौकोनांत आखलेली. एक चौकोन म्हणजे ६४० एकर, त्याचा चतकोर १६० एकर. तिथे 'माझा एक चतकोर आहे' असं लोक सहज सांगतात. आमच्याकडे चतकोर भाकरीचा असतो.

असाच एक चतकोर असलेल्या बाई लेकीच्या मागच्या गल्लीत राहतात. वय ८१. नवरा गेल्यावर शेतावरचं घर सोडून गावात आल्या. गावाच्या वाचनालयात ओळख झाली. त्याही निवृत्त शिक्षिका निघाल्या, मग काय विचारता! माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलताना गाडी अडते, म्हणून नात दुभाषी. त्यांचं नाव मी इथे देत नाही. मनातल्या मनात मी त्यांना आक्का म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

आक्कांसारखी माणसं तिथे पुष्कळ. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या २०२२ च्या पाहणीनुसार राज्यातली सुमारे दोन तृतीयांश शेतजमीन ६५ च्या पुढच्या माणसांच्या मालकीची आहे, आणि निम्म्याहून जास्त जमीन खंडाने दिलेली आहे. म्हणजे मालक म्हातारे आणि कसणारे दुसरेच. हे वाचलं आणि आपल्याच गल्लीत आल्यासारखं वाटलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एकदा मी आक्कांकडे बसले होते, तेव्हा त्यांचा खंडकरी आला. चाळिशीचा मुलगा, टोपी काढून हातात धरलेली. तिथे कायदा असा आहे की १ सप्टेंबरपर्यंत कुणी कुणाला नोटीस दिली नाही, तर तोच करार पुढच्या वर्षीही चालू राहतो. त्यामुळे बोलायचं ते त्याच्या आत. राज्याचा सरासरी खंड त्या वर्षी एकरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास होता. खंड थोडा कमी करा, असं त्याचं म्हणणं. पीक उत्तम आहे, पण भाव नाही आणि चीनने खरेदी थांबवलीये. खरं होतं ते. व्यापाराच्या भांडणात चीनने त्या उन्हाळ्यापासून अमेरिकेचं नवीन सोयाबीन घेतलंच नव्हतं.

मी मनातल्या मनात हिशेब करत होते. तिकडे एकरी ६० बुशेल सोयाबीन होतं, एक बुशेल साधारण २७ किलोचं, म्हणजे एकरी १६ क्विंटल. आमच्याकडे ७-८ क्विंटल झालं तर देवापुढे नारळ फोडतात! आणि तरी हा मुलगा परवडत नाही म्हणतोय.

आक्का त्याला म्हणाल्या, "पण सरकारचे पैसे येतील ना तुला?"

तो हसला. म्हणाला, "या पिकाचे आले तर पुढच्या ऑक्टोबरात. बँक तोवर थांबत नाही."

हे सरकारी पैशांचं प्रकरण काय आहे ते मी नंतर आक्कांकडून दोन-तीन बैठकांत समजून घेतलं. (शाळेत गणित शिकवलं नाही कधी, मराठी-इतिहासवाली मी. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.) काउंटीच्या ठिकाणी केंद्र सरकारच्या शेती खात्याचं एक छोटं कार्यालय असतं. त्यावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली एक समिती असते. शेतकरी तिथे जाऊन दोन योजनांपैकी एक निवडतो. एकीत सरकारने पिकाचा एक आधार-भाव ठरवलेला असतो. वर्षाचा सरासरी भाव त्याखाली गेला तर फरक मिळतो. सोयाबीनचा हा आधार-भाव बुशेलला ८ डॉलर ४० सेंट होता, २०२५ च्या नव्या कायद्याने तो १० डॉलर केला. दुसरी योजना काउंटीच्या उत्पन्नावर चालते. सगळ्या काउंटीचा सरासरी उतारा आणि देशातला भाव यांचा गुणाकार नेहमीपेक्षा बराच खाली आला, तर पैसे मिळतात. तुमच्या स्वतःच्या शेतात काय झालं याला तिथे किंमत नाही. काउंटी बुडाली आणि तुमचं पीक वाचलं तरी पैसे, आणि काउंटी तरली न् तुमचंच बुडालं तर काही नाही. हे ऐकून मी म्हटलं, अहो, आमच्या पीकविम्यात महसूल मंडळाचं हेच तर रडगाणं आहे!

आणखी गंमत म्हणजे हे पैसे यंदा काय पेरलं त्यावर मोजतच नाहीत. प्रत्येक शेताच्या नावे जुन्या पेऱ्याची एक नोंद आहे, काही तर चाळीस वर्षांपूर्वीच्या पेरणीवरून आलेली. मक्याचे इतके एकर, सोयाबीनचे इतके. त्याच्या ८५ टक्क्यांवर हिशेब होतो. शेतात आज काही का असेना, हजेरीपट जुनाच. आणि जितके एकर जास्त तितका चेक मोठा. माणशी वरची मर्यादा आहे, पण ती १ लाख २५ हजार डॉलरची होती, २०२५ मध्ये १ लाख ५५ हजार केली. आपल्याकडे वर्षाला सहा हजार रुपयांवर किती भाषणं होतात ते आठवून मला हसू आलं. पण हसण्यात अर्थ नाही, तिथला खर्चही त्याच मापाचा.

मला मात्र या सगळ्यात एकच गोष्ट धरून बसली. मी आक्कांना विचारलं, जमीन तुमची, मग चेक त्या मुलाच्या नावाने कसा?

त्यांना प्रश्नच कळेना. नातीने दोनदा सांगितला. मग म्हणाल्या, "पीक त्याचं आहे ना?"

तिथला नियमच तसा आहे. पिकाची जोखीम ज्याच्या अंगावर, पैसे त्याला. रोख खंडाने जमीन दिली असेल तर मालकाला खंड मिळालेला आहे, त्याची जोखीम संपली, तेव्हा सरकारी पैसा सगळा कसणाऱ्याचा. बटईने दिली असेल तर दोघांची जोखीम, म्हणून वाटणीप्रमाणे दोघांना. आक्कांचे यजमान होते तोवर जमीन निम्म्या बटईनेच होती आणि निम्मा चेक घरी यायचा. ते गेल्यावर पोती मोजायला कोण जाणार, म्हणून आक्कांनी रोख खंड ठरवला आणि चेक बंद झाला.

मग त्यांनी उलटा प्रश्न केला. "तुमच्याकडे कुणाला मिळतात?"

मी म्हटलं, सातबाऱ्यावर नाव असेल त्याला.

"आणि पेरलं दुसऱ्याने असेल तर?"

नातीने मराठीत सांगितलं आणि माझ्याकडे बघत बसली. तेरा वर्षांची पोर. मी म्हटलं, सांग त्यांना, आमच्याकडे वेगळं असतं. तिने सांगितलं असेल काहीतरी.

आता माझी बाजू. लातूर जिल्ह्यात आमची चार एकर कोरडवाहू आहे, सासऱ्यांकडून यांच्याकडे आणि यांच्यानंतर माझ्या नावावर आलेली. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६० आर. कसतो तो माझाच एक विद्यार्थी. सातवीला माझ्या वर्गात होता, अजून 'बाई' म्हणतो. त्याची स्वतःची वीस गुंठे, तेवढ्यावर काय होणार? आधी निम्म्या बटईने करायचा. २०२३ पासून ठोक्याने दिली, एकरी १५ हजार, निम्मे पाडव्याला, निम्मे दिवाळीला. कारण आक्कांचंच, मला आता पोती मोजायला जाणं होत नाही.

केंद्राचे सहा हजार मला येत नाहीत, कारण दहा हजारांच्या वर पेन्शन असलेला निवृत्त नोकरदार त्यात बसत नाही. त्यालाही माझ्या जमिनीवर मिळत नाहीत, कारण जमीन त्याच्या नावावर नाही. पण अतिवृष्टीचं अनुदान येतं ते माझ्या खात्यावर. ई-पीक पाहणी तोच करतो. शेतात उभा राहून त्याच्या मोबाइलवर फोटो काढतो आणि नोंद माझ्या नावाने पाठवतो.

२०२१ च्या सप्टेंबरात पाऊस असाच कोसळला होता. तेव्हा कोरडवाहूला हेक्टरी दहा हजार जाहीर झाले आणि माझ्या खात्यात १६ हजार आले. तेव्हा बटई निम्मी होती. बियाणं-खत निम्मं माझं, निम्मं त्याचं. म्हणजे कुठल्याही हिशेबाने आठ हजार त्याचे. मी दिले नाहीत. न देण्याचं ठरवलं असंही नाही. विषयच निघाला नाही. तो दिवाळीला फराळाला आला, चिवडा खाल्ला, पोरांच्या शाळेचं बोलला आणि गेला. त्या सोळा हजारांत भर घालून मी स्वयंपाकघराची फरशी बदलून घेतली. त्या फरशीचे फोटोही इथे टाकले होते, जुन्या वाचकांना आठवतील.

२०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच, त्याहून वाईट. मांजरा, तेरणा दोन्ही भरून वाहत होत्या. एम्समध्ये बसून मी फोनवर पाण्याखालची शेतं बघत होते आणि खिडकीबाहेर कडक ऊन, पिकलेलं सोयाबीन, कापणीची ती घराएवढी यंत्रं. त्याचा फोन आला तेव्हा तिथे पहाट होती.

"बाई, समदं पाण्यात गेलं बगा. शेंगंला कोंब फुटलेत. दिवाळीचं तेवढं मागं-पुढं करून घ्या."

म्हणजे ठोक्याचे तीस हजार. मी म्हटलं, आधी तब्येत सांभाळ, पैशाचं बघू.

७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार आणि शिवाय रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी दहा हजार. दिवाळीच्या सुमारास माझ्या खात्यावर १३,६०० जमा झाले, नोव्हेंबरात आणखी १६ हजार. एकूण २९,६००. बघा म्हणजे, दिवाळीच्या ठोक्याला चारशे कमी!

तिकडेही त्या महिन्यात सरकारी पैसा अडकलेलाच होता. १ ऑक्टोबरपासून अमेरिकेचं केंद्र सरकारच बंद पडलं, खर्चाला मंजुरी नाही म्हणून. काउंटीची कार्यालयंही बंद. ऐन कापणीत कुणाचं कर्ज अडकलं, कुणाचे पैसे. २३ ऑक्टोबरला देशभरातली सुमारे २,१०० कार्यालयं दोन-दोन माणसांवर उघडली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आक्का म्हणाल्या, मुलगा सकाळीच जाऊन दारात उभा राहिला.

मी आक्कांना विचारलं, खंड कमी केलात का? म्हणाल्या, "दहा डॉलर." मग थोडं थांबून म्हणाल्या, "२०२२ मध्ये भाव चढले तेव्हा मी तीस वाढवले होते." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते नातीने मला शब्दाला शब्द लावून सांगितलं: चेक येतो त्याच्या नावावर, पण जाताना माझ्या दारावरून जातो. सरकारकडून याला इतके मिळणार हे मालकाला माहीत असतं, शेजारच्या इतर शेतकऱ्यांनाही माहीत असतं. मग खंडाची बोली तेवढी वर जाते. तिथल्या एका अर्थशास्त्रज्ञाने २००९ मध्ये हिशेब मांडला होता की असल्या मदतीच्या डॉलरमागे सुमारे २५ सेंट खंडातून मालकाकडे जातात. म्हणजे कायदा सरळ असून पाव हिस्सा पळतो. आमच्याकडे पळायची गरजच नाही, अख्खा रुपया आधीच मालकाच्या खात्यात.

अमेरिकेतही हे सुरुवातीपासून सरळ नव्हतं. १९३३ मध्ये मंदीच्या काळात पेरा कमी करण्याबद्दल शेतकऱ्याला पैसे द्यायची योजना आली. ती राबवणारे कृषिमंत्री हेन्री वॉलेस आयोवाचेच. दक्षिणेकडच्या कापसाच्या मुलखात ते पैसे जमीनदारांच्या हाती पडले. पुष्कळांनी ते स्वतःकडेच ठेवले आणि पेरा कमी झाला म्हणून बटईदारांना घराबाहेर काढलं. १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोंझा गावी गोऱ्या-काळ्या बटईदारांनी मिळून संघटना काढली ती यातूनच. लेकीने हे मला वाचून दाखवलं. "आई, तू गप्प का?" म्हणाली. मी तिला २०२१ चं तोवर सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

लेक म्हणाली, आत्ता पाठव, दोन मिनिटांचं काम. मी गावी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, द्यायचे तर द्या, पण खात्यावरून नको. रोख द्या. कागदावर त्याचं नाव येऊ देऊ नका."

यामागचं कारण आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. हैदराबादचा १९५० चा कुळकायदा मराठवाड्यात लागू झाला आणि सासऱ्यांची अकरा एकर कुळाकडे गेली. ज्याच्याकडे गेली तो तीस वर्षं ती कसत होता, हे सासरे कधी सांगायचे नाहीत. अकरा एकर मात्र जेवताना रोज निघायची. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला कागद करून जमीन दिलेली नाही. दरवर्षी नवं तोंडी बोलणं. गावातही बहुतेकांचं तेच. आणि कागद नाही म्हणून विमा त्याच्या नावाने निघत नाही, कर्ज मिळत नाही, अनुदान मिळत नाही. ज्याच्यापासून जमीन वाचवतोय तो माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा.

तर मी रोख दिले. म्हणजे परत आल्यावर बँकेतून काढले आणि पुतण्याबरोबर गावी जाऊन स्वतः हातात दिले. २९,६०० अनुदानाचे आणि ८ हजार २०२१ चे. खात्यावरून पाठवायचं धाडस झालं नाही, हे इथे लिहून ठेवते. लेकीला अजून वाटतंय की मी मोबाइलवरून पाठवले. आज कळेल.

त्याने पैसे मोजले नाहीत. "ह्ये आठ कशाचे?" म्हणाला. मी सांगितलं. "मला ठाव होतं, बाई," एवढंच म्हणाला. चार वर्षं ठाऊक होतं.

मग त्याच्या बायकोने चहा आणला. शेतात हरभरा दोन पानांवर आला होता, तो बघून आलो. निघताना त्याने ती नोटांची पुडी परत माझ्यापुढे धरली. "दिवाळीचा ठोका ऱ्हायलाय न्हवं. ह्येच धरा त्यात. वरचे तेवढे पाडव्यात लावा."

आक्कांचं दार आठवलं मला.

मी घेतले नाहीत. म्हटलं, दिवाळीचा ठोका यंदा नको. पुतण्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. पाडव्यापासून किती घ्यायचं आणि कागद करायचा का, हे मात्र त्या ओट्यावर ठरलं नाही. तो म्हणाला, "तुमी सांगाल तसं." मी म्हटलं, तू सांग. आणि दोघंही हरभऱ्याकडे बघत राहिलो, तेवढ्यात गाडीवाल्याने हॉर्न दिला.